पट्टा लावला की दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतो, अंगावर जातो: हे परत परत का होतं आणि सुरुवात कुठून करायची

घरात अगदी गुणी कुत्रा. जेवणाची ताटं मांडली तरी दारात बसून राहतो, कामवाल्या मावशी आल्या की शेपूट हलवत पुढे जातो. पट्टा लावून सोसायटीच्या गेटबाहेर नेला आणि समोरच्या वळणावर एखादं कुत्रं दिसलं, की हाच कुत्रा मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकायला लागतो, पट्ट्याला लोंबकळतो. कधी वळून धरणाऱ्याच्या पोटरीचाच चावा घेतो. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

लोक अशा कुत्र्याला तापट किंवा भांडखोर ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. मोकळ्या कुत्र्याला नको असलेलं काही दिसलं तर तो वळसा घालून लांबून जातो. पट्टा लावला की तो मार्ग बंद होतो आणि आरडाओरडा करून समोरच्याला हाकलणं एवढंच हातात उरतं. समोरचा मालक आपलं कुत्रं घेऊन पुढे निघून जातोच. तो नाहीतरी जाणारच होता, पण आपल्या कुत्र्याच्या हिशोबी ‘मी भुंकलो म्हणून गेला’. दिवसातून दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोन-तीन वेळा हा धडा गिरवला जातो. म्हणून ही सवय आपोआप जात नाही, वर्षागणिक पक्की होते.

काही कुत्रे मात्र भेटायला मिळत नाही म्हणून चिडून भुंकतात. ओळखीच्या कुत्र्याबरोबर बंद मैदानात मोकळे सोडले की ते नीट खेळतात. त्यांच्यासाठीही पुढचा उपाय तोच आहे, फक्त प्रगती जरा लवकर दिसते.

आधी दुखणं तपासा

दोन-तीन वर्षं नीट फिरणारा कुत्रा गेल्या महिनाभरात अचानक असा वागायला लागला असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचं दुखणं नेहमीचं. कानातला संसर्ग, किडलेला दात, गोचिडांमुळे येणारा ताप, अधू झालेली नजर यांपैकी काहीही कारण असू शकतं. ज्याचं अंग दुखतं त्याला कोणी जवळ आलेलं नको असतं. दवाखान्यात कुत्रा ताठ होऊन उभा राहतो, लंगडणं लपवतो. त्यामुळे घरी जिना उतरताना, बसताना आणि उठताना काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतो.

पहिले दोन आठवडे फक्त टाळायचं

शिकवायचं नंतर. आधी भुंकण्याचा रोजचा सराव बंद पाडायचा. दोन आठवडे, जिथे कुत्री भेटतात तिथे जाऊच नका. शी-शूसाठी सोसायटीचा मागचा कोपरा किंवा इमारतीमागची मोकळी पट्टी वापरा. फिरणं कमी झालं म्हणून कुत्र्याचं नुकसान होत नाही. रोज दोनदा भडका उडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. उरलेली शक्ती घरात नाकाच्या कामात खर्च होऊ द्या, ते पुढे सांगितलं आहे.

वेळेबद्दल एक चुकीचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो: ‘रात्री अकरानंतर न्या, तेव्हा रस्ते रिकामे असतात.’ रस्ते माणसांनी रिकामे असतात. आपल्या शहरांतली भटकी कुत्री पहाटे आणि रात्रीच सगळ्यात जागी असतात आणि टोळीने फिरतात. रहदारी नसल्यामुळे गल्लीच्या हद्दीवरून भांडणंही तेव्हाच होतात. सकाळी साधारण साडेनऊ ते अकराच्या सुमारास तीच कुत्री दुकानांच्या पायऱ्यांवर आणि उभ्या गाड्यांखाली पसरलेली असतात. ऊन फार नसेल तर ही वेळ उत्तम. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर कुत्र्याचे पंजेही भाजतील.

एक शत्रू घरातच असतो, तो म्हणजे गॅलरी. दिवसभर गॅलरीतून खालच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकणारा कुत्रा संध्याकाळच्या फेरीसाठी दिवसभर तालीमच करत असतो. गजांना खालून चार फुटांपर्यंत शेडनेट बांधा, काचेवर दुधी फिल्म चिकटवा. बाहेरचं वागणं सुधारत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी घरांत हे एवढंच राहून गेलेलं असतं.

सामान

छातीवर इंग्रजी वायच्या आकारात बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. हार्नेसच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. अडीच ते तीन मीटरचा साधा चपटा पट्टा घ्या. बटण दाबून लांब होणारा, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा या कामाला अजिबात नको. तो कायम ताणलेला असतो आणि ऐन वेळी हातातून सुटतो.

खाऊ रोजच्या बिस्किटांपेक्षा बराच वरचढ हवा. मीठ-मसाला न घालता उकडलेलं बोनलेस चिकन हरभऱ्याच्या दाण्याएवढं कापा. शंभर ग्रॅमचे साधारण शंभर तुकडे होतात, एका सरावाला ते पुरून उरतात. घरात मांसाहार नसेल तर पनीर चालतं, पण पोट बिघडत नाही ना हे आधी थोडं देऊन बघा. दिलेल्या खाऊच्या हिशोबाने रात्रीचं जेवण कमी करा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं पीनट बटर कुत्र्याला विषारी आहे. गोड म्हणून हातावर मनुका ठेवणारे शेजारी असतात, त्यांना स्पष्ट सांगा.

घरात बसवायच्या तीन गोष्टी

पहिली, खुणेचा शब्द. एरवी बोलण्यात न येणारा छोटा आवाज निवडा, समजा ‘टिक’. ‘टिक’ म्हणा आणि एका सेकंदाच्या आत खाऊ द्या. असं सलग वीसदा, दिवसातून दोन वेळा, तीन दिवस. नंतर कुत्रा दुसरीकडे बघत असताना ‘टिक’ म्हटल्याबरोबर मान वळवून तुमच्याकडे पाहायला लागला, की शब्द बसला.

दुसरी, माघारी वळणं. हॉलमध्ये पट्टा लावून तीन पावलं चाला. हसऱ्या आवाजात ‘चल फिर’ म्हणा आणि कुत्र्यापासून दूर अर्धं वर्तुळ वळा. पुढची चार-पाच पावलं तुमच्या गुडघ्याशी एकेक तुकडा देत राहा. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. आठवड्याने जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग रिकाम्या गल्लीत. रस्त्यावर हा शब्द फक्त कुत्रं दिसल्यावरच वापरलात तर तो धोक्याची घंटा होऊन बसतो आणि कुत्रा वळण्याऐवजी ‘कुठे आहे?’ म्हणून शोधायला लागतो. म्हणून प्रत्येक फेरीत काहीही कारण नसताना चार-पाचदा वळा.

तिसरी, ‘शोध’. मूठभर तुकडे गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत टाकायचे आणि ‘शोध’ म्हणायचं. नाक खाली गेलं की श्वासाची लय बदलते, डोळे समोरच्यावरून सुटतात, अंग सैल होतं. रस्त्यावर अडचणीत सापडलात तर हाच शब्द पंधरा-वीस सेकंद मिळवून देतो.

मुख्य सराव

मोठं मैदान शोधा, जिथे तीस-चाळीस मीटरवरून दुसरं कुत्रं दिसेल आणि मागे हटायलाही तेवढीच जागा असेल. सुरुवातीला सगळ्यात चांगला ‘शिक्षक’ म्हणजे सकाळी उशिरा लांबवर झोपलेलं भटकं कुत्रं. ते हलत नाही, टक लावून बघत नाही आणि रोज त्याच दुकानापाशी सापडतं.

क्रम असा. कुत्र्याला समोरचं कुत्रं दिसू द्या. त्याने पाहिलं की एक-दोन सेकंदांत ‘टिक’. मग तुकडा तुमच्या गुडघ्याशी द्या, म्हणजे त्याला मान वळवावीच लागेल. खाऊन झाल्यावर त्याने पुन्हा पाहिलं की पुन्हा ‘टिक’, पुन्हा तुकडा. समोरचं कुत्रं दिसेनासं झालं की खाऊही बंद. त्याला कळायला हवं की कुत्रं दिसतं तेव्हाच चिकन मिळतं. असं दहा-बारा वेळा, फार तर पाच मिनिटं, आणि घरी. अजून छान चाललंय म्हणून लांबवू नका. बरेच भडके याच सहाव्या मिनिटाला उडतात.

काही दिवसांनी एक क्षण येतो. तुमचा कुत्रा समोरच्या कुत्र्याकडे पाहतो आणि तुमच्या ‘टिक’ची वाट न बघता स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघतो. आता ‘टिक’ त्या वळण्याला म्हणायचं. दहापैकी आठ वेळा असं झालं, की पुढच्या सरावात अंतर दोन मीटरने कमी करा. झोपलेल्या कुत्र्यावरून चालत्या कुत्र्यावर जाताना, एकावरून दोघांवर जाताना, किंवा गप्प कुत्र्यावरून भुंकणाऱ्यावर जाताना अंतर आधी वाढवा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. कारवान किंवा पश्मीसारखे नजरेने शिकार करणारे कुत्रे लांबची हालचालही पटकन टिपतात, त्यांना सुरुवातीचं अंतर बरंच जास्त लागतं.

भुंकण्याआधीचे दोन सेकंद

अंतर बरोबर आहे की नाही हे कुत्रा सांगतो, पण फार हळू आवाजात. धापा टाकत चालणाऱ्या कुत्र्याचं तोंड एकदम मिटतं. जीभ आत जाते. शेपटीचं टोक नव्हे, बुडखा वर उचलला जातो आणि ताठतो. वजन पुढच्या पंजांवर येतं, नखं जमिनीत रुतवल्यासारखी दिसतात. डोळे मिटणं-उघडणं थांबतं. इथे तुमच्याकडे जेमतेम दोन सेकंद असतात. ‘चल फिर’ आत्ता म्हणायचं. भुंकणं सुरू झाल्यावर कोणताही शब्द आत शिरत नाही.

तुमची बोटंही मोजमाप देतात. तुकडा ओठांनी अलगद उचलला तर अंतर ठीक. बोटांना दात लागले, हिसकावून घेतला, तर तुम्ही जास्तच जवळ आला आहात, दहा पावलं मागे या. तोंडापुढे धरलेलं चिकनही दिसत नसेल तर आज शिकवणं संपलं, तिथून निघा. तो हट्टीपणा करत नाहीये, भीतीने त्याची भूक त्या क्षणापुरती मेलेली असते.

पट्ट्याकडेही बघा. लांबून कुत्रं दिसलं की धरणाऱ्याचा श्वास अडकतो आणि पट्टा मनगटाला गुंडाळला जातो. हे शेकडो वेळा झालं की पट्टा ताणला जाणं हीच ‘आता काहीतरी वाईट येणार’ ही खूण होते. त्यात ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची छाती वर उचलली जाते आणि समोरच्या कुत्र्याला तो चालून येतोय असं दिसतं, मग तेही भुंकतं. एका हातात पट्ट्याचा फास, दुसऱ्या हाताची पकड त्याच्या फूटभर पुढे, आणि त्यापुढे पट्टा किंचित लोंबता राहील इतका सैल.

लिफ्ट, जिना आणि टोळी

लिफ्ट ही सगळ्यात वाईट जागा, कारण तिथे मागे हटता येत नाही. सांधे ठीक असतील आणि मजला कमी असेल तर जिनाच बरा. लिफ्ट लागणारच असेल तर दारापासून तीन-चार मीटर लांब थांबा, दार उघडून आत कोणी नाही हे बघूनच पुढे व्हा. आत कोपऱ्यात कुत्रा भिंतीकडे आणि मध्ये तुम्ही. दार उघडण्याआधी त्याच्या पायाशी ‘शोध’. इमारतीत दुसरे कुत्रे असतील तर त्यांच्या घरच्यांशी बोलून फेऱ्यांच्या वेळा वाटून घ्या. बहुतेक लोक आनंदाने तयार होतात.

भटकी टोळी भुंकत आली तर पळू नका. तुमचा कुत्रा मागे, तुम्ही पुढे. टोळीच्या मागच्या बाजूला पडेल असा मूठभर खाऊ लांब फेका आणि तिरके चालत बाहेर पडा. समोर उघडलेली छत्री ही चांगली ढाल आहे, पण आधी आठवडाभर घरात तीच छत्री हळूहळू उघडून तुमच्या कुत्र्याला सवय लावा, नाहीतर तोच आधी दचकेल. दगड मारू नका. उद्या तीच टोळी तुम्हाला आणि तुमच्या कुत्र्याला लांबूनच ओळखेल. टोळ्यांची हद्द ठरलेली असते, एका ठराविक खांबापाशी किंवा वळणापाशी त्या थांबतात. दोन-चार दिवस कुत्र्याशिवाय फिरून या हद्दी बघून घ्या. खायला घालणाऱ्यांना त्यांची वेळही विचारून ठेवा.

करूनही जमत नाही, तेव्हा

‘खाऊ घेतो, तरी भुंकतो.’ क्रम उलटा झालेला असतो. समोरून कुत्रं येतंय हे तुम्हाला आधी दिसतं, हात पिशवीत जातो, आणि काही दिवसांत पिशवीचा आवाज म्हणजे ‘कुत्रं आलं’ हे तो शिकतो. आधी त्याचं पाहणं, मग ‘टिक’, त्यानंतरच पिशवीत हात.

‘मैदानावर शांत, गल्लीत पहिले पाढे पंचावन्न.’ हे अपेक्षितच आहे. एका जागी शिकलेलं कुत्रा आपोआप दुसरीकडे लावत नाही. नव्या जागी जुन्या अंतराच्या दीडपट-दुपटीवरून पुन्हा सुरू करा, या वेळी कमी दिवस लागतात.

‘आठवडाभर छान, मग अचानक बिघडला.’ आदल्या दोन दिवसांत काय काय झालं ते लिहून काढा. अंघोळ, पाहुणे, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, मांडवातला डीजे, अपुरी झोप. एकेक गोष्ट पचते, सगळ्या एकावर एक चढल्या की नेहमीचं अंतरही त्याला पुरत नाही. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, वर्दळीच्या घरात ते होत नाही. त्याची झोपायची जागा दारापासून लांब, जिथे कोणी ओलांडून जात नाही अशी करा. एक वही ठेवा: तारीख, जागा, काय दिसलं, किती मीटरवर, खाऊ कसा घेतला, शांत व्हायला किती वेळ लागला. शांत व्हायचा वेळ दोन मिनिटांवरून वीस सेकंदांवर आला, तर भुंकणं थांबलं नसलं तरी प्रगती आहे.

‘माझ्याबरोबर नीट, वॉकरबरोबर नाही.’ पगारी वॉकर एका हातात तीन-तीन कुत्रे घेऊन भर गर्दीच्या वेळी निघत असेल, तर तुमचा सगळा सराव तिथे धुतला जातो. त्याला एकट्यालाच न्यायला सांगा, तेच शब्द आणि तोच पट्टा द्या, नाहीतर काही महिने स्वतः न्या.

‘चोक चेनने गप्प बसला होता, आता न भुंकता थेट चावतो.’ गळ्याला फास, काट्यांचा पट्टा किंवा विजेचा झटका यांनी आवाज बंद होतो, भीती तशीच राहते. उलट, कुत्रं दिसलं की गळा दुखतो असा नवा हिशोब त्याच्या डोक्यात बसतो. गुरगुरण्यावर ओरडलात तर ते गुरगुरणंही जातं, आणि ती तुम्हाला मिळणारी पूर्वसूचना असते. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेली भूमिकाही हीच आहे: आक्रमक वागणाऱ्या कुत्र्यांसह सगळ्यांसाठी बक्षिसाचीच पद्धत.

चावण्याची शक्यता असेल तर जाळीचा मझल, म्हणजे तोंडावर बसवायची टोपली वापरा, ज्यात तोंड उघडून धाप टाकता येते आणि खाऊही घेता येतो. कापडी, तोंड आवळणारा मझल फिरताना नको. मझल थेट चढवू नका. आत चिकन ठेवून नाक स्वतःहून घालू द्या, दोन आठवडे रोज पाच मिनिटं. आणि चावा बसलाच, मग तो घरच्या लसीकरण झालेल्या कुत्र्याचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आत्मविश्वास घरात तयार होतो

भित्र्या कुत्र्याला रोज अशी एखादी गोष्ट हवी जी त्याने स्वतः, कोणी ढकलल्याशिवाय जमवली. रिकामे पुठ्ठ्याचे खोके हॉलमध्ये मांडा, दोन-तीन खोक्यांत खाऊ ठेवा आणि बाजूला बसा. पहिल्या दिवशी नुसती मान लांबवेल, मागचे पाय पळायच्या तयारीत असतील. बोलावू नका, बोट दाखवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच खोक्यात अर्धा शिरलेला असतो. मग खोक्यांत चुरगळलेले कागद घाला, जमिनीवर स्टीलची थाळी उलटी ठेवा, विटांवर अर्धा फूट उंच फळी ठेवून त्यावरून चालू द्या. तो मागे हटला तर हटू द्या. ‘मला नको असेल तर मी मागे जाऊ शकतो’ हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला रस्त्यावर भुंकून सिद्ध करावं लागत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

दोन महिने मनापासून करूनही चाळीस मीटरवरून खाऊ घेत नसेल, घरातही सतत टेहळणी करत फिरत असेल, झोपेतून दचकत असेल, तर वर्तनाचं ज्ञान असलेल्या पशुवैद्यांना औषधाबद्दल विचारा. फ्लुऑक्सेटिनसारखं रोजचं औषध पूर्ण लागू पडायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते मनाने एकदम बंद करायचं नसतं. औषध शिकवत नाही, शिकता येईल इतपत भीती खाली आणतं. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते, म्हणून ‘नुसतं झोपवणारं नको’ असं स्पष्ट सांगा. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नका.

वर्षाचं वेळापत्रकही डोळ्यांपुढे ठेवा. गणपतीच्या आधी मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा मैदानाची वेळ सकाळची करा. दिवाळीचे फटाके वसुबारसेच्या आधीच सुरू होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळतात. या काळात बाहेरचा सराव पूर्ण बंद. खोके, टॉवेल, ‘चल फिर’ घरातच चालू ठेवा. तुळशीचं लग्न झालं की आणखी चार शांत दिवस जाऊ द्या, मग पहिल्या सकाळी वहीतल्या शेवटच्या अंतराच्या दुप्पट लांब उभे राहा, झोपलेलं कुत्रं शोधा आणि तीन मिनिटांत घरी या.